पॅरिसच्या एलिझाबेथबाई

भगिनींनो, आपल्या मंडळात भजन आहे, पेटी आहे, हळदीकुंकवाच्या दिवशी गाणी होतात. गाण्यावाजवण्याची आवड असलेल्या पुष्कळ जणी आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी ह्या स्मरणिकेत मी एका परदेशी बाईंचे चरित्र थोडक्यात देत आहे. ह्या बाई साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्स देशात, पॅरिस शहरात जन्मल्या. त्यांचे पूर्ण नाव एलिझाबेथ झाके द ला गेर. झाके हे माहेरचे आडनाव आणि द ला गेर हे सासरचे. त्यांनी वाद्य वाजविले, संगीत रचले, ते आपल्या नावाने छापले, संसार केला आणि वाट्याला आलेले दुःखही सोसले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण बाईंचे वादन मी पुष्कळदा ऐकले आहे, आणि ऐकून-वाचून जे समजले ते आपल्या साध्या भाषेत सांगते.

पॅरिसच्या मधून सेन नावाची नदी वाहते. नदीच्या पात्रात एक लहानसे बेट आहे, त्याला सेंट लुईचे बेट म्हणतात. त्या बेटावरील चर्चमध्ये एलिझाबेथचे वडील क्लोद झाके हे ऑर्गन वाजवीत असत. १७ मार्च १६६५ रोजी एलिझाबेथचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे आपल्याकडचे बारसे म्हणा. घरात संगीताचेच वातावरण होते. घराण्यात हार्प्सिकॉर्ड नावाचे वाद्य तयार करणारे कारागीर होते, आणि एलिझाबेथची भावंडेही संगीतातच वाढली. वडिलांनी मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्वांना शिकविले. मुलीच्या हाती लहानपणीच वाद्य दिले, तिचा हात चांगला आहे हे ओळखले आणि तिला अडविले नाही. पुढच्या सगळ्या कथेचा पाया हाच आहे.

आता हे हार्प्सिकॉर्ड म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण बाईंचे सारे आयुष्य त्याच्याशी बांधलेले होते. दिसायला ते पियानोसारखे असते. लाकडाची लांबट पेटी, समोर कळांची पट्टी आणि आत तारा ताणलेल्या. पण आवाज निघण्याची रीत निराळी. कळ दाबली की आत लाकडाची एक उभी पट्टी वर उचलली जाते. तिला पक्ष्याच्या पिसाच्या देठाचा बारीक तुकडा बसविलेला असतो, आणि तो तारेला छेडून जातो. सतारीवर नखी जे काम करते तेच काम इथे पिसाचा तुकडा करतो. आपल्या पेटीत कळ दाबून भाता हलवीत राहिले की सूर टिकून राहतो. हार्प्सिकॉर्डचा सूर तसा टिकत नाही. तार छेडली की सूर उमटतो आणि हळूहळू विरतो. आणखी एक गोष्ट अशी की, कळ हळू दाबा किंवा जोराने दाबा, आवाज जवळजवळ तेवढाच निघतो. मग वाजवणाऱ्याने भाव दाखवायचा कसा? त्यासाठी फ्रान्समधील वादक सुरांना मुरकी-हरकतीसारखे अलंकार घालीत. दोन-तीन सूर एकदम न वाजविता एकामागून एक उलगडीत, म्हणजे पहिला विरेपर्यंत दुसरा येऊन मिळे. केव्हा थांबायचे, केव्हा किंचित उशीर करायचा, ह्यातच सारे कसब. हे कसब एलिझाबेथच्या बोटांत अगदी लहान वयात आले.

त्या काळी फ्रान्सच्या गादीवर चौदावा लुई हा राजा होता. १६४३ पासून १७१५ पर्यंत, म्हणजे बहात्तर वर्षे त्याने राज्य केले. तो मोठा शौकीन राजा होता. तरुणपणी तो स्वतः रंगमंचावर नाचत असे, आणि त्याच्या दरबारात नृत्य आणि संगीत ह्यांना फार मान होता. एलिझाबेथ पाच वर्षांची असताना तिने राजापुढे वादन केले असे तिच्याविषयी सांगतात. त्या काळचे एक मासिक होते, मर्क्यूर गालाँ नावाचे. त्यात दरबारच्या आणि शहरच्या बातम्या येत. १६७७ सालच्या जुलैच्या अंकात ह्या मुलीविषयी मोठ्या कौतुकाने लिहिलेले आहे. कितीही अवघड गाणे पुढे ठेवले तरी ती ते पाहताक्षणी गाते, स्वतःची आणि इतरांची साथ करते, स्वतः रचना करते, आणि ती रचना कोणी म्हणेल त्या पट्टीत वाजवून दाखविते, अशी हकीकत त्यात आहे. मासिकवाल्यांनी तिचे वय दहा वर्षे दिले आहे. खरे म्हणजे ती तेव्हा बारा वर्षांची होती. पण बारा वर्षे हे वय तरी काय मोठे!

दरबारात मादाम द माँतेस्पाँ नावाची मोठी वजनदार स्त्री होती. राजाची तिच्यावर मर्जी होती. तिने एलिझाबेथला तीन-चार वर्षे आपल्याजवळ ठेवून घेतले. तिच्याकडे येणाऱ्या थोरामोठ्यांसमोर एलिझाबेथ वाजवीत असे. अशी लाडावलेली मुले पुष्कळदा पुढे विसरली जातात. लहानपणी ज्याचे कौतुक होते, त्याच गोष्टीचे मोठेपणी कोणाला नवल वाटत नाही. त्यातून मुलगी असली की लग्न ठरते आणि वाद्यावर कापड पडते. हे सातासमुद्रापलीकडेही घडत होते आणि आपल्याकडेही घडलेले आहे. एलिझाबेथच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही.

सप्टेंबर १६८४ मध्ये, एकोणीस वर्षांची असताना, तिचे लग्न झाले. पती मारँ द ला गेर हे सुद्धा चर्चमध्ये ऑर्गन वाजविणारे, आणि त्यांचे वडीलही तेच काम करीत. माहेर सुरांचे, तसेच सासरही सुरांचेच मिळाले. लग्नानंतर एलिझाबेथबाई दरबार सोडून पॅरिसमध्ये राहू लागल्या. दरबारी संगीतात पगाराची जागा त्यांना कधी मिळाली नाही. वडील, सासरे आणि पती ह्या तिघांनाही चर्चमध्ये नेमणूक होती. बाईंना तशी कोठेच नव्हती. त्या शिकवण्या करीत, घरी मैफली करीत आणि रचना करीत. पण राजाने लहानपणी दाखविलेली मर्जी पुढेही कायम ठेवली आणि आपली पुस्तके त्याला अर्पण करण्याची परवानगी दिली. त्या काळी ह्या परवानगीला फार किंमत होती. राजाचे नाव पहिल्या पानावर आले की ग्रंथाला दरवाजे उघडत.

लग्नानंतर तीनच वर्षांनी, १६८७ साली, त्यांचे पहिले पुस्तक निघाले. त्या बावीस वर्षांच्या होत्या. पुस्तकात हार्प्सिकॉर्डसाठी रचलेल्या चार नृत्यमालिका आहेत. अशा रचनांची छापील पुस्तके सतराव्या शतकात फ्रान्समध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. स्वरलिपी धातूच्या पत्र्यावर एकेक खूण कोरून मग छापावी लागे. काम खर्चाचे आणि वेळखाऊ. अशा त्या मोजक्या पुस्तकांत एका तरुण विवाहित स्त्रीचे पुस्तक आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

नृत्यमालिका म्हणजे एकाच पट्टीतल्या निरनिराळ्या नाचांच्या चालींची गुंफण. प्रत्यक्ष नाचण्यासाठी त्या नसत. बसून ऐकण्यासाठी असत. पण प्रत्येक चालीत मूळ नाचाची लय असते. पहिली चाल बहुधा आलमाँद. ह्या शब्दाचा अर्थ जर्मन नाच. ती संथ, गंभीर आणि चार मात्रांची. दुसरी कुराँत. नावाचा अर्थ धावणारी, पण फ्रान्समध्ये ती धावत नाही, डौलाने चालते, आणि तिच्यात मात्रांचे वजन मधूनच बदलते. तिसरी साराबाँद. ही मूळची चपळ आणि इतकी धीट की स्पेनमध्ये सोळाव्या शतकात तिच्यावर बंदी आली होती. फ्रान्सच्या दरबारात येईपर्यंत ती शांत झाली. तीन मात्रांची ही संथ चाल ऐकताना मन भरून येते. चौथी झीग, इंग्लंड-आयर्लंडकडची, उड्या मारीत जाणारी. ह्या चार मुख्य. त्यांच्या जोडीला मिन्युए, गाव्होत, शाकोन अशा आणखी चाली रचनाकार आपल्या आवडीप्रमाणे घालीत. शाकोनमध्ये एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. अभंगात ध्रुवपद परत येते तसेच समजा.

बाईंच्या पहिल्या पुस्तकातील चारपैकी तीन मालिकांच्या आरंभी जे वादन आहे, ते आपल्याला चटकन जवळचे वाटेल. त्याला तालच नाही. स्वर लिहिले आहेत, पण कोणता किती वेळ धरायचा हे ठरवून दिलेले नाही. ते वाजवणाऱ्यावर सोपविले आहे. आपल्याकडे गवई आधी आलाप करतो, रागाचे रूप दाखवितो आणि मग तालात शिरतो. तसेच हे. बोटे तारांवर फिरून सूर चाचपतात, थोडी थांबतात, पुन्हा वर चढतात, आणि मग पहिला नाच सुरू होतो. फ्रान्स आणि आपला देश ह्यांचा ह्या बाबतीत काही देवघेवीचा संबंध नाही. पण मोजून-मापून चालण्याआधी मोकळे फिरावेसे वाटणे हा मनाचाच धर्म असावा.

ह्याच पुस्तकात एक शाकोन आहे. तिचे नाव चंचला अशा अर्थाचे आहे. ती कधी उदास स्वरांत असते, तर कधी एकदम प्रसन्न स्वरांत जाते, आणि परत उदास होते. म्हणून हे नाव. बाई विनोदी असाव्यात असे ती ऐकताना मला वाटते.

पहिल्या यशानंतर बाईंनी मोठ्या कामाला हात घातला. १६९१ च्या सुमारास राजाच्या विजयाच्या निमित्ताने त्यांनी एक नृत्यनाट्य रचले. त्याचे संगीत आज उरलेले नाही. मार्च १६९४ मध्ये पॅरिसच्या शाही संगीतगृहात त्यांचे सेफाल ए प्रोक्रिस हे पाच अंकी संगीत नाटक लागले. ग्रीक पुराणातील कथा आहे. पतीच्या हातून चुकून प्रिय पत्नीवर शस्त्र चालते आणि ती मरते. ह्या संगीतगृहात स्त्रीने रचलेले नाटक त्याआधी कधीच झाले नव्हते. पॅरिसमधील जाणकारांचे लक्ष त्याच्याकडे लागले होते. पण नाटक चालले नाही. पाच-सहा प्रयोगांत ते बंद पडले. त्याची कारणे लोकांनी निरनिराळी दिली आहेत. कोणी म्हणतात नाटकाचे शब्दच कच्चे होते. शिवाय लुली हा त्या गृहाचा मोठा रचनाकार १६८७ साली वारल्यानंतर इतर कित्येक पुरुष रचनाकारांची नाटकेही तिथे पडली होती. पण पडलेल्या नाटकाचा चटका रचणाऱ्याला बसायचा तो बसतोच. बाईंनी पुन्हा तसले नाटक लिहिले नाही.

मात्र त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या हाती नवीन काम दिसते. इटलीत त्या वेळी सोनाता नावाचा वाद्यसंगीताचा प्रकार जोरात होता. फ्रान्समध्ये तो नुकता येत होता आणि जुन्या लोकांना परका वाटत होता. बाईंनी तो आपलासा केला. सेबास्तियाँ द ब्रोसार नावाचे एक धर्मगुरू संगीताचे मोठे संग्राहक होते. त्यांनी १६९५ साली बाईंच्या ह्या सोनाता उतरून घेतल्या. पुढे त्यांचा सारा संग्रह राजाच्या ग्रंथालयात जमा झाला. त्या उतरवून घेतल्यामुळेच ह्या रचना आज आपल्याला ऐकायला मिळतात, कारण बाईंनी त्या छापल्या नव्हत्या.

आता चरित्रातला दुःखाचा भाग. एलिझाबेथबाईंना एकच मुलगा होता. आईचाच हात त्याने घेतला होता. आठव्या वर्षी तो हार्प्सिकॉर्डवर एकट्याने वाजवी आणि साथही करी, आणि ऐकणारे थक्क होत. दहाव्या वर्षी तो गेला. त्याने काय वाजविले, कसे वाजविले, ते काहीच उरले नाही. पुढे १७०४ साली पतीही वारले. बाई तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ तिघांचे सूर घुमायचे तिथे एकच वाद्य वाजणारे उरले. त्यांनी ह्या दुःखाविषयी काही लिहून ठेवले आहे असे नाही. पण बाई घर बंद करून बसल्या नाहीत, हे पुढच्या वर्षांवरून स्पष्ट दिसते.

त्यांच्या घरच्या मैफली पॅरिसमध्ये प्रसिद्ध होत्या. शहरातील नामांकित वादक आणि जाणकार मंडळी तिथे येत. बाई वाद्यावर बसल्या की कधी कधी अर्धा-अर्धा तास मनानेच वाजवीत राहत. समोर कागद नाही, आधी ठरविलेले काही नाही. एका कल्पनेतून दुसरी निघे आणि ऐकणारे तल्लीन होत. त्या काळच्या लेखकांनी ह्या अर्ध्या तासांचे फार वर्णन केले आहे. मोठ्या दिवाणखान्याची आणि नेमणुकीची वाट न पाहता आपल्याच घराला त्यांनी मैफलीचे ठिकाण केले. आलेल्या पाहुण्यांसाठी वाजवायचे, शिकायला येणाऱ्यांना शिकवायचे आणि उरलेल्या वेळात लिहायचे, असा त्यांचा दिवस होता.

१७०७ साली त्यांची नवीन पुस्तके निघाली. पहिल्या पुस्तकाला वीस वर्षे झाली होती, आणि बाई बेचाळीस वर्षांच्या होत्या, म्हणजे माझ्याच वयाच्या. ह्या वेळी हार्प्सिकॉर्डसाठी दोन मालिका आणि त्याच वर्षी व्हायोलिन आणि हार्प्सिकॉर्ड ह्यांच्यासाठी सहा सोनाता. मालिका हव्या तर व्हायोलिनवरही वाजवाव्यात अशी सूचना पुस्तकाच्या नावातच आहे. घराघरांत जे वाद्य असेल त्यावर वाजविता यावे, हा व्यवहारी विचार मला फार आवडला.

दोन मालिकांपैकी पहिली मी वारंवार ऐकली आहे. तिच्या सुरुवातीला तालाविना वादन नाही. एकदम आलमाँदच सुरू होते. तिला फ्लाँदर्स प्रांतातील स्त्रीचे नाव दिले आहे. ही चाल भारदस्त आहे, घाई नाही. एक एक सूर खाली उतरतो आणि दुसऱ्याला जागा देतो. मग तीच चाल पुन्हा येते, पण ह्या खेपेस सुरांमध्ये बारीक सूर गुंफलेले. साध्या पातळाला किनार लावावी तसे. पुढे कुराँत, तीही पुन्हा नटून येते. मग साराबाँद, झीग, रिगोदों नावाचे गावाकडचे उत्साही नाच, आणि शेवटी मोठी शाकोन. ध्रुवपद परत परत येते आणि दर वेळी मधला भाग नवा असतो. दुःखाची बाई आहे म्हणून संगीत रडके असेल असे कोणी समजू नये. त्यात गांभीर्य आहे आणि उभारीही आहे. आलमाँदपासून शाकोनपर्यंत ऐकत गेले की, जड पावलांनी उठलेला माणूस हळूहळू कामाला लागतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचा चेहरा उजळतो, तसे वाटते.

त्या वर्षी सोनाता राजापुढेही वाजविल्या गेल्या. राजा जेवत असताना दरबारी वादकांनी त्या वाजविल्या. जेवण झाल्यावर राजाने बाईंची फार स्तुती केली. ह्या रचना दुसऱ्या कोणासारख्या नाहीत, अशा अर्थाचे तो बोलला असे मासिकात आले. लहानपणी ज्या राजापुढे वाजविले त्याच राजाने पस्तीस-सदतीस वर्षांनी ही पावती द्यावी, ह्यात बाईंना किती समाधान वाटले असेल! लहान मुलीचे कौतुक सगळेच करतात. ही पावती चाळिशी उलटलेल्या, एकट्या राहिलेल्या बाईच्या बुद्धीला होती.

पुढच्याच वर्षी, १७०८ मध्ये, आणि नंतर १७११ मध्ये बाईंनी आणखी दोन पुस्तके काढली. ह्यांत बायबलातील कथांवर गाणी आहेत. एका पुस्तकात सहा, अशी बारा. शब्द ला मोत नावाच्या कवीचे. फ्रान्समध्ये अशी गाणी बहुधा ग्रीक देवदेवतांच्या प्रेमकथांवर असत. धर्मकथा घेण्याची रीत नवी होती. बहुतेक गाण्यांना गाणारे एकच माणूस आणि दोन-तीन वाद्ये पुरतात, म्हणजे तीही घरी म्हणण्याजोगी. ह्या कथांत स्त्रिया पुष्कळ आहेत. आपल्या जातीच्या लोकांचे प्राण वाचविणारी राणी एस्तेर आहे, खोटा आळ आलेली सुझान आहे, शत्रूच्या सेनापतीला मारणारी ज्युदिथ आहे, बापाच्या नवसापायी बळी जाणारी जेफ्थाची मुलगी आहे. ज्या बाईंचे मोठे नाटक पाच-सहा प्रयोगांत बंद पडले, त्यांनी नाटकातील सारा जिवंतपणा ह्या लहान गाण्यांत आणला.

१७१५ च्या सुमारास गाण्यांचे तिसरे पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षी चौदावा लुई वारला. पुढे बाईंनी लोकांसमोर वाजविणे हळूहळू कमी केले. १७२१ साली बालराजा पंधरावा लुई आजारातून उठला. त्या आनंदात लुव्ह्र राजवाड्याच्या प्रार्थनागृहात बाईंनी रचलेले ईशस्तवन गायिले गेले. तेही आज नष्ट झाले आहे. २७ जून १७२९ रोजी पॅरिस येथे एलिझाबेथबाई वारल्या. त्यांचे वय चौसष्ट होते.

तितों द्यु तिये नावाच्या एका गृहस्थांनी फ्रान्समधील थोर कवी आणि संगीतकार ह्यांच्या गौरवाचा मोठा ग्रंथ लिहिला. १७३२ साली तो निघाला. त्यात बाईंना मानाचे स्थान आहे. रचनेची इतकी बुद्धी असलेली स्त्री दुसरी झाली नाही असा त्यांचा अभिप्राय आहे, आणि बाईंचे पदकही काढलेले होते. थोर संगीतकारांशी त्यांनी मानासाठी बरोबरी केली, असा भाव त्या पदकावरील ओळीत आहे.

एवढा मान मिळूनही नंतर विसर पडलाच. काळ बदलला. पियानो आला. त्यावर हळू आणि जोरात दोन्ही वाजविता येते, म्हणून लोकांना तो आवडला, आणि हार्प्सिकॉर्ड अडगळीत गेले. वाद्य गेले तशी त्याची पुस्तकेही धूळ खात पडली. विसाव्या शतकात लोक पुन्हा हार्प्सिकॉर्ड बनवू आणि वाजवू लागले, तेव्हा जुन्या रचनाकारांचा शोध सुरू झाला. बाईंचे १६८७ चे पहिले पुस्तक तर पुष्कळ वर्षे हरवलेच असे समजत होते. पण इटलीतील व्हेनिस शहरात, तेथील संगीत विद्यालयाच्या ग्रंथालयात, त्याची एक प्रत मिळाली. पॅरिसमध्ये निघालेले पुस्तक इतक्या दूर कोणीतरी नेले होते, ते जपले गेले, आणि त्यामुळे चार मालिका परत आल्या. आज जगभरचे वादक त्या वाजवितात. पडलेले नाटकही पूर्ण ध्वनिमुद्रित झाले आहे, आणि घरबसल्या मोबाईलवर हे सर्व ऐकता येते.

ह्या चरित्रातून काय राहिले आणि काय गेले ह्याचा हिशेब मी मनाशी मांडते. जे छापले ते राहिले. ब्रोसार ह्यांनी उतरून घेतले ते राहिले. १६९१ च्या सुमाराचे नृत्यनाट्य गेले, १७२१ चे ईशस्तवन गेले, घरच्या मैफलीतले अर्धे-अर्धे तास गेले, आणि त्या दहा वर्षांच्या मुलाचे वादनही गेले. बाईंची बुद्धी दोन्हीकडे सारखीच होती. फरक पडला तो कागदाने.

आपल्या मंडळातही जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीची गाणी, डोहाळजेवणाची गाणी ज्यांना तोंडपाठ आहेत अशा वडीलधाऱ्या भगिनी आहेत. त्यांतली कित्येक गाणी त्यांनी स्वतः जुळविली आहेत, पण विचारले तर आमच्याकडे म्हणतात असे सांगून मोकळ्या होतात. माझी नम्र सूचना आहे की पुढच्या वर्धापनदिनापर्यंत मंडळाची एक जाड वही करावी. त्यात ही गाणी लिहून घ्यावीत, चाल मोबाईलवर भरून ठेवावी, आणि प्रत्येक गाण्याखाली ते जुळविणाऱ्या बाईचे पूर्ण नाव लिहावे, माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही आडनावांसह. वहीच्या दोन प्रती कराव्यात आणि दोन निराळ्या घरी ठेवाव्यात. पहिली प्रत लिहून काढण्याचे काम मी आनंदाने करीन.